डाव्या बाजूचा शेक

पहाटे ५.३०

दिवाळी होऊन गेली की नांदगाव पेठला या वेळी अंगावर शाल लागते. महामार्गावर नागपूरकडच्या ट्रकांची रीघ रात्रभर सुरूच असते, म्हणून आम्ही बायका त्या अंगाला जात नाही. गावातून शेतांकडे निघणाऱ्या रस्त्याने चालतो. लांब वीज प्रकल्पाच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसत असतात. घोळक्यात कोणी अंगणवाडीताई, कोणी किराणा सांभाळणारी, आणि काहीजणी अशा की ज्यांचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन, केमो, शेक म्हणजे रेडिएशन, सगळं होऊन वर्षं लोटली आहेत. त्यांना मीच आग्रहाने बाहेर काढते. आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. हृदयासाठी हे प्रमाण सगळ्यांनाच सांगितलं जातं. छातीवर रेडिएशन झालेल्या बाईला ते अधिकच लागू आहे.

चालता चालता माझं एक काम सुरू असतं. मागच्या महिन्यात पुढे असणारी आज मागे का पडली, बोलता बोलता गप्प कोण झालं, पुलाच्या चढावर कोण थांबलं, हे मी बघत असते. आज एक काकू थांबल्या. पदर सारखा करण्याचं निमित्त करून उभ्या राहिल्या आणि डावा खांदा चोळू लागल्या.

"काय झालं, काकू?"

"काई नाही मॅडम, वेचणीनं थकली. पाच-सहा दिवस झाले, वावरातच आहे ना."

कापसाची वेचणी माणसाला थकवतेच. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून वेचायचं, संध्याकाळी गाठोडं उचलायचं. पण काकूंचा शेक डाव्या बाजूचा आहे आणि त्याला अकरा वर्षं झाली आहेत. या दोन गोष्टी मला पाठ आहेत. "आज वेचणीला जायचं नाही, सकाळीच दवाखान्यात यायचं," असं मी सांगितलं. त्यांना ते फारसं रुचलं नाही, पण "येईन जी" म्हणाल्या.

सकाळी ८.३०

माझा दवाखाना दोन खोल्यांचा. रक्तदाबाचं यंत्र, साखर तपासायचं यंत्र, एक जुनं पण नीट चालणारं ईसीजीचं यंत्र. कंपाउंडर ताई केसपेपर काढून ठेवतात. कर्करोगाचा उपचार झालेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर पहिल्याच पानावर आम्ही लाल पेनाने एक चौकट आखतो. शेक कोणत्या बाजूला झाला, कुठल्या दवाखान्यात, कोणत्या साली, किती ग्रे (किरणांचं माप) आणि किती बैठकांत. केमोमध्ये "लाल औषध" होतं का. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. लघवी लाल होते म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. तेही हृदयाचे स्नायू कमजोर करू शकतं, आणि त्यावर डाव्या बाजूचा शेक झालेला असेल तर आम्ही जास्त सावध राहतो.

ही चौकट आखायचं कारण साधं आहे. माणूस आपल्या उपचाराची गोष्ट "कॅन्सर होता, बरा झाला" इतकीच सांगतो. दहा वर्षांनी छातीत दुखलं तर तो कॅन्सरच्या डॉक्टरकडे जात नाही, जवळच्या दवाखान्यात येतो. तिथल्या डॉक्टरला बाजू आणि साल ठाऊक नसेल तर तो अॅसिडिटीची गोळी देऊन पाठवू शकतो. पन्नाशीच्या बाईच्या बाबतीत तर हे फारच सहज घडतं, कारण हार्ट अटॅक म्हटलं की अजूनही आपल्या डोळ्यापुढे पुरुषच येतो.

सकाळचा पहिला तास रक्तदाबाच्या आणि साखरेच्या रुग्णांचा. तो सगळीकडे सारखाच असतो, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एवढं मात्र सांगते की गोळ्या बंद करून आलेला माणूस रोज एक तरी भेटतो. "आता बीपी नार्मल आहे म्हणून बंद केली," हे त्याचं म्हणणं. गोळी चालू आहे म्हणून ते नॉर्मल आहे, हे मी रोज सांगते.

सकाळी १०

टेक्स्टाइल पार्कमधला एक तरुण कामगार खोकला घेऊन आला. छातीचा एक्स-रे सांगितला तर कचरला. "रेडिएशननं हार्टले काही होते म्हणते ना मॅडम? आन् आमच्या घराच्या मागंच टॉवर आहे."

हा प्रश्न मला आवडतो, कारण त्यामागची भीती खरी आहे आणि ती दूर करता येते. छातीच्या एका एक्स-रेतून शरीराला मिळणारं प्रमाण ०.०२ मिलिसीव्हर्टच्या आसपास असतं. माती, दगड, हवा आणि आकाशातून प्रत्येक माणसाला वर्षभरात जगभरच्या सरासरीने २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. मोबाइल टॉवरच्या लहरी तर या जातीच्याच नाहीत. अणूमधून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी शक्ती त्यांच्यात नसते. कर्करोगाच्या शेकाची गोष्ट वेगळी. तिथे गाठीच्या जागेवर चाळीस-पन्नास ग्रे सोडले जातात आणि वाटेत हृदयाला दोन, तीन, कधी पाच ग्रे लागतात. एक ग्रे म्हणजे हजार मिलिग्रे. एक्स-रेचा आणि शेकाचा हिशेब एकाच वहीत मांडता येत नाही.

हृदयाला किरणांचा त्रास होतो हे जगाला जपानमधून अधिक स्पष्ट कळलं. हिरोशिमा आणि नागासाकीच्या बॉम्बमधून वाचलेल्या ८६ हजारांहून अधिक लोकांचा १९५० ते २००३ असा मागोवा घेतला गेला. त्यात दर ग्रेमागे हृदयरोगाने मृत्यूचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. त्या पोराला मी जपान सांगत बसले नाही. "एक्स-रे काढ, आणि खिशातली ती तंबाखूची पुडी फेकून दे, तुझ्या हृदयाला खरा धोका तिचा आहे," एवढंच सांगितलं.

सकाळी ११

काकू आल्या, मुलाला घेऊन आल्या. आता खरं बोलल्या. दोन आठवड्यांपासून कापसाचं गाठोडं उचललं की जबडा आणि डावा खांदा जड होतो, दम लागतो, आणि "बसली का बरं वाटते". आधी असं कधी नव्हतं. ही माहिती आजाराचं अर्धं निदान करून टाकते. श्रम केले की येणारं आणि थांबलं की जाणारं जडपण हे हृदयाचं समजायचं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. बायकांमध्ये ते छातीच्या मधोमध न येता जबडा, पाठ, खांदा इथेही येतं, आणि खूपदा नुसता दम लागणं किंवा अचानक वाढलेला थकवा एवढ्यावरच भागतं.

रक्तदाब उजव्या हातावर घेतला. डाव्या काखेतल्या गाठी काढलेल्या असल्या की त्या हातावर पट्टा आवळायचा नाही, सुई टोचायची नाही, हात सुजतो. १५८ वर ९४. गोळ्या? "चैत्रातच बंद केल्या."

मग ईसीजी. डावा स्तन काढलेला. कातडी बरगड्यांना चिकटून ताणलेली, काखेकडे गेलेला लांब वण, आणि आजूबाजूला निळसर शाईचे तीन बारीक ठिपके. मशीनखाली रोज बरोबर त्याच जागी झोपवता यावं म्हणून नागपूरला टोचलेलं ते गोंदण. ईसीजीचे रबरी फुगे अशा कातडीवर धरत नाहीत. तिसरा लावला की चौथा सुटतो. जेल जास्त लावून, बोटाने दाबून धरून पट्टी काढावी लागली. काकू छताकडे बघत होत्या. हा वण मुलाने पाहू नये म्हणून त्याला बाहेर बसवलं होतं.

समोरच्या तीन जोडण्यांमध्ये टी-लाट उलटी आलेली होती. दोन वर्षांपूर्वीची पट्टी फाइलमध्ये होती. तिच्यात ती सुलटी आहे. जुनी पट्टी जपून ठेवली की असं कामाला येते.

आता हे काय आणि का होतं ते सांगते, कारण काकूंच्या मुलालाही मी हेच चित्र काढून सांगितलं. हृदयाला रक्त पुरवणारी एक मोठी धमनी त्याच्या समोरच्या अंगाने, छातीच्या हाडाच्या डाव्या बाजूला, खाली उतरते. डाव्या स्तनावर किंवा छातीवर तिरका शेक देताना किरणांची कड नेमकी तिच्यावरून जाऊ शकते. उजव्या बाजूचा शेक असेल तर हृदय बरंचसं वाचतं. किरणांनी धमनीचं आतलं नाजूक अस्तर दुखावतं, तिथे सूज धुमसत राहते आणि त्या जागी चरबीचा थर इतरांपेक्षा लवकर साचतो. काहींच्या झडपा कडक होतात, काहींच्या हृदयाभोवतीचं आवरण जाड होतं, काहींचा स्नायू आखडतो. यातलं काहीच लगेच कळत नाही. वर्षं जातात.

किती जातात, याचं उत्तर २०१३ साली नीट मिळालं. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २,१६८ स्त्रियांचा अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झाला. १९५८ ते २००१ या काळात त्यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी शेक घेतला होता. हृदयाला मिळालेल्या सरासरी दर एक ग्रेमागे गंभीर हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. याखाली धोका नाही, अशी पायरी सापडली नाही. वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू होते आणि विसाव्या वर्षानंतरही टिकते. काकूंना अकरा वर्षं झाली आहेत, त्या बरोबर मधोमध आहेत.

पण त्याच अभ्यासातले पुढचे आकडे मला जास्त महत्त्वाचे वाटतात. पन्नास वर्षांची, रक्तदाब-मधुमेह-तंबाखू यांपैकी काहीही नसलेली बाई घ्या. हृदयाला ३ ग्रे लागले तर ऐंशीच्या आत हृदयविकाराने जाण्याचा तिचा धोका १.९ टक्क्यांवरून २.४ टक्के होतो. त्याच बाईला यातलं एक जरी असेल तर तो ३.४ वरून ४.१ वर जातो. दोन्ही बायकांची तुलना करून पाहा. शेकाने जेवढा धोका वाढला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांनी वाढवला. शेकाचे ग्रे आता परत काढता येत नाहीत. रक्तदाब मात्र खाली आणता येतो. तोही इथेच, नांदगाव पेठमध्ये, नागपूरला न जाता. माझा सगळा दिवस या एका गोष्टीवर उभा आहे.

काकूंना इथे ठेवून घेण्यात अर्थ नव्हता. नव्याने सुरू झालेलं आणि वाढत चाललेलं दुखणं, त्यात बदललेला ईसीजी. अशा रुग्णाला "उद्या या" म्हणायचं नसतं. अॅस्पिरिन चावून खायला दिली आणि अमरावतीला हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. एसटीने नाही, आडवं झोपून, सोबत माणूस घेऊन. चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत आजाराचं नाव न लिहिता मी लिहिलं: "डाव्या छातीवर रेडिएशन, ४० ग्रे, १५ बैठका, अकरा वर्षांपूर्वी, लाल औषधाच्या चार केमो." ही ओळ वाचली की तिथला डॉक्टर वेगळ्या नजरेने बघतो.

जाताना काकू म्हणाल्या, "कापूस राहिला ना वावरात." मुलगा म्हणाला, "राहू दे व माय."

दुपारी १२.३०

एक जोडपं वाट बघत होतं. बाई अडतीस वर्षांची, गाठ काढून स्तन वाचवण्याची शस्त्रक्रिया नागपूरला झालेली, बाजू डावी. पुढच्या आठवड्यात शेक सुरू. इकडचे बहुतेक लोक शेकासाठी नागपूर गाठतात. कोणी राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात, कोणी मेडिकलला, कोणी जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये. तुकडोजी महाराज आपल्याच जिल्ह्यातल्या यावलीचे, आणि ११ ऑक्टोबर १९६८ ला ते गेले ते कर्करोगानेच. नागपूरच्या रस्त्यावर मोझरीचं गुरुकुंज लागतं. जाता-येता रुग्ण तिथे हात जोडतात.

नवऱ्याने सरळ विचारलं, "शेकानं हार्ट खराब होते म्हणते लोकं. नाई घेतला तं?"

इथे मी खुर्ची पुढे ओढून बसते, कारण अर्धवट माहितीने घेतलेला निर्णय जिवावर बेतू शकतो. स्तन वाचवून शस्त्रक्रिया झालेल्या १०,८०१ स्त्रियांच्या सतरा चाचण्या एकत्र करून २०११ मध्ये निष्कर्ष आला. शेक न घेतलेल्यांपैकी ३५ टक्के स्त्रियांमध्ये दहा वर्षांत आजार परतला, घेतलेल्यांमध्ये १९.३ टक्के. पंधरा वर्षांत या कर्करोगाने मृत्यूचं प्रमाण २५.२ वरून २१.४ टक्क्यांवर आलं. हृदयाचा वाढलेला धोका मघाशी सांगितला तो अर्ध्या टक्क्याच्या आसपासचा. शेक घ्यायचाच. फक्त हृदय वाचवून घ्यायचा.

ते कसं, हे मी पलंगावर झोपवूनच शिकवते. हात डोक्यावर. नाकाने खोल श्वास, पोटात नाही तर छातीत, आणि वीस सेकंद रोखून धरायचा. फुप्फुस फुगलं की हृदय छातीच्या भिंतीपासून मागे आणि खाली सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बऱ्याच अंशी बाहेर पडतं. श्वास रोखलेला असतानाच मशीन चालू होते, सोडला की थांबते. डाव्या बाजूच्या शेकात हृदयाला लागणारं प्रमाण या एका युक्तीने निम्म्याच्या आसपास उतरतं. कोणतं औषध नाही, चिरफाड नाही. पहिल्या खेपेला त्या बाईचा श्वास नवव्या सेकंदाला सुटला, चौथ्या खेपेला अठरापर्यंत गेली. "घरी सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा करा, नवऱ्याने मोबाइलवर सेकंद मोजायचे." तो लगेच मोबाइल काढून उभा राहिला.

प्रत्येक मशीनवर ही सोय असतेच असं नाही, म्हणून तिथे गेल्यावर विचारायला सांगितलं. श्वास रोखून शेक देता का? माझ्या हृदयाला सरासरी किती ग्रे लागणार? हा आकडा संगणकाच्या आराखड्यात असतो आणि रुग्णाला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. शेवटच्या दिवशी उपचाराचा सारांश लिहून घ्यायला सांगितला, त्यात हा आकडा हवा. आणि बैठका कमी दिल्या म्हणून घाबरायचं नाही. पूर्वी पंचवीस बैठका असत, आता चाळीस ग्रे पंधरा बैठकांत देतात. ब्रिटनमधल्या चाचणीत २०२० साली तर २६ ग्रे पाच बैठकांत तितकेच उपयोगी ठरले. बैठका कमी म्हणजे खोलीचं भाडं कमी, नवऱ्याचे खाडे कमी.

महात्मा फुले योजनेचे कागद त्यांच्याकडे होते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही लक्षात आणून दिलं. योजना शेकाचा खर्च उचलते, हे फार मोठं काम आहे. त्यानंतरच्या वीस वर्षांच्या तपासण्या मात्र ज्याच्या त्याच्या आठवणीवर चालतात.

दुपारी २

डबा. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी. रुग्णांनी "हार्टसाठी काय खाऊ" विचारलं की मी बदाम-अक्रोड सांगत नाही, हेच ताट सांगते. जवसात ओमेगा-३ जातीचं स्निग्ध असतं, ज्वारीत चोथा भरपूर, वरणात प्रथिनं. अडचण आपल्या मिठाची आहे. ठेचा, लोणचं, पापड, वरून घेतलेलं मीठ. दिवसभराचं सगळं मिळून एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. आपल्याकडे ती दुपारच्या जेवणातच ओलांडली जाते. आणि तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

दुपारी ३.३०

अमरावतीहून फोन आला. काकूंचं ट्रोपोनिन वाढलेलं नाही, म्हणजे स्नायू अजून मेलेला नाही. टू-डी इकोत हृदयाचा पंप ५५ टक्के, ठीक. समोरच्या भागाची हालचाल किंचित मंद. उद्या अँजिओग्राफी. वेळेत गेल्या.

त्याच वेळी आशाताई आल्या होत्या, गावातल्या तिसाव्या वर्षावरच्या लोकांच्या तपासणीचे फॉर्म घेऊन. रक्तदाब, साखर, तोंड, स्तन, गर्भाशयमुख. या सगळ्यांची पाहणी त्या घरोघरी करतात. हे काम मोलाचं आहे आणि त्याला पुरेसं मोल मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे. त्यांच्या वहीत आम्ही पेन्सिलीने एक रकाना वाढवला आहे: "पूर्वी शेक? कुठे? कधी?" सरकारी फॉर्ममध्ये तो रकाना छापील असावा असं मला वाटतं. एका ओळीची जागा लागते. ज्यांच्यापुढे खूण पडते त्यांना आम्ही वर्षातून एकदा बोलावतो. रक्तदाब, साखर, चरबी, ईसीजी. लाल औषध झालेलं असेल किंवा शेक जास्त असेल तर ठराविक अंतराने इको. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी दरवर्षी हृदयाच्या तपासणीची शिफारस केली आहे, आणि त्यातलं मुख्य काम गावात करण्यासारखं आहे.

आज त्यांच्या यादीत अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी शेक झालेले एक आजोबा निघाले. अन्ननलिका हृदयाला अगदी लागून जाते, तेव्हा त्यांचीही चौकट लाल पेनाची.

संध्याकाळी ५.३०

शेअर ऑटो चालवणारे एक भाऊ. तोंडाचा कर्करोग, शस्त्रक्रिया, मानेच्या दोन्ही बाजूंना तीस बैठकांत साठ ग्रे. वऱ्हाडात पुरुषांमध्ये हाच शेक जास्त बघायला मिळतो आणि त्याचं कारण पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळतं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तंबाखू-सुपारीचा खर्रा तरीही चालूच आहे.

यांचा शेक हृदयावर नव्हता. पण मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या मानेतूनच जातात आणि त्यांचं अस्तरही तसंच दुखावतं. काही वर्षांनी त्या अरुंद होतात आणि लकवा मारू शकतो. मानेची कातडी चामड्यासारखी कडक झालेली होती. जबड्याखाली स्टेथोस्कोप टेकवून श्वास धरायला सांगितला. डावीकडे ठोक्याबरोबर फुसफुस असा आवाज, उजवीकडे शांत. अरुंद झालेल्या नळीतून रक्त जोरात जाताना तो आवाज होतो. मानेच्या धमन्यांचा डॉपलर लिहून दिला. सोबत थायरॉइडची तपासणी, कारण मानेच्या शेकाने ती ग्रंथी मंदावते, ती मंदावली की कोलेस्टेरॉल चढतं, आणि कोलेस्टेरॉल चढलं की पुन्हा धमन्यांवर येतं. ही साखळी एका स्वस्त गोळीने तुटते, पण तपासल्याशिवाय कळत नाही.

"खर्रा सोडला जी, आता नुसती सुपारी," ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं की नुसती सुपारीही कर्करोग करणारी आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तसं नक्की केलं आहे. सवय सुटणं अवघड आहे हे मला कळतं. बारा तास ऑटो चालवणाऱ्या माणसाला तोंडात काहीतरी लागतं. बडीशेप आणि भाजलेलं जवस, यावर आमचं ठरलं. पुढच्या भेटीला मी विचारणार आहे.

संध्याकाळी ७

एक तरुण, लहानपणी हॉजकिन लिम्फोमासाठी छातीच्या मधोमध शेक झालेला. तक्रार काहीच नाही, लग्न ठरलंय म्हणून तपासायला आला. नेदरलँड्समध्ये अशा रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हृदयाचा वाढलेला धोका उपचारानंतर चाळीस वर्षांपर्यंत टिकलेला दिसला. त्याला घाबरवायचं नव्हतं. दरवर्षी एकदा यायचं, तंबाखूला हात लावायचा नाही, झडपांसाठी इको करून घ्यायचा, आणि होणाऱ्या बायकोला हे आधी सांगायचं. शेवटच्या गोष्टीवर तो जरा थांबला, मग "सांगतो" म्हणाला.

रात्री ८.३०

दवाखाना आवरताना काकूंच्या मुलाचा फोन आला. आई झोपली आहे, दुखत नाही, सकाळी अँजिओग्राफी आहे. त्याने विचारलं, "मॅडम, शेक घेतलाच नसता तं बरं झालं असतं का?" मी त्याला सांगितलं की आईला शेकाने अकरा वर्षं दिली. आता पुढची वर्षं रक्तदाबाच्या गोळीने आणि चालण्याने मिळवायची आहेत. ती गोळी आई खाते की नाही, हे बघणं त्याचं काम.

शेकाने झालेलं नुकसान धुऊन काढणारी गोळी, काढा किंवा टॉनिक आज जगात कुठेही नाही. तसं सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात कोणी छातीवर किंवा मानेवर शेक घेतलेला आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. उपचाराचा तो कागद आज ट्रंकेतून काढा. त्यावर बाजू, साल आणि ग्रे लिहिलेले नसतील तर जिथे शेक झाला त्या दवाखान्यात फोन करून लिहून घ्या. त्याच्या दोन झेरॉक्स काढा, एक जवळच्या डॉक्टरकडे द्या, एक रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, चरबी आणि ईसीजी करून घ्या, काही होत नसलं तरी. आणि चालताना, ओझं उचलताना छाती, जबडा किंवा खांदा जड झाला, तर अॅसिडिटीची गोळी घेऊन झोपू नका. बसा, १०८ ला फोन करा, आणि येणाऱ्या माणसाला पहिल्या वाक्यात सांगा की शेक झालेला आहे, कोणत्या बाजूला.